तीन दिसलं की चार

येळ्ळूरच्या मुलींच्या शाळेत मी नवी मास्तरीण होते, तेव्हा शाळेची एकुलती एक घागर विहिरीत पडली. उन्हाळ्यातलं नितळ पाणी, तळाची घागर लख्ख दिसत होती. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून मी अंदाज केला, सहा हात. तेवढा दोर बांधून गळ सोडला, तर तो घागरीच्या वरच लोंबकळत राहिला. मुली खुसखुसल्या. आदल्याच दिवशी मी त्यांच्याकडून प्रकाशाच्या वक्रीभवनाची व्याख्या घोकून घेतली होती!

तेवढ्यात गावोगाव फिरून विहिरीतली भांडी काढणारा एक म्हातारा आला. त्यानं पाण्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

"किती हात दिसतंय, बाई?"

"सहा."

त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत दोर मापला. बोलायचा मराठी, पण मोजायचा कानडीत. आरु, एळु, एंटु. आठाला थांबला, गाठ मारली आणि डोळे मिटून गळ सोडला. घागर वर आली.

"पानी तळाला वर उचलून दावतंय, बाई. तीन दिसलं की चार धरायचं. सहाला आठ."

"कुणी शिकवलं?"

"चुकून चुकून कळालंय की."

तो पुन्हा कधी दिसला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मागच्या रांगेतल्या एका मुलीला उठवलं. ती कधीच बोलायची नाही, म्हणून मी तिला ढ ठरवून टाकलं होतं. प्रश्न विचारला आणि रोजच्यापेक्षा थोडी जास्त थांबले.

ती बोलली.