थेंब पडनार न्हाई

उदगीरच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक काम संपलं की बोनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "जावा बिनघोर, आता थेंब पडनार न्हाई."

माझ्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल मोजायच्या पट्टीची नळी बसते, तिथलं सील तो सारखं बदलतोय. सील चांगलंच असतं. नळी दाबताना त्याचा हात थरथरतो, रबराला चीर पडते आणि तेल पुन्हा गळतं. ते मला दिसतं, त्यालाही कळतं. मग आम्ही दोघं मिळून डुप्लिकेट मालाला शिव्या देतो.

काल नळी बसवून तो गाडीखालून बाहेर आला. थाप मारली नाही. खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्या हातात दिला.

"घरी गाडीखाली टाकत जावा," म्हणाला. "नायतर फरशी खराब व्हईल."