वरच्या फळीवरचे सहा ग्लास

हॉटेलात त्याला सगळे 'फुंकर' म्हणत, कारण वाइनच्या ग्लासावर तोंडाची वाफ सोडून पुसल्याशिवाय तो एकही ग्लास कपाटात ठेवत नसे. एकोणतीस वर्षं ग्लास सांभाळले, पण तोरा असा, जणू खजिन्याची किल्ली याच्याच कमरेला! घरी बायकोने ग्लास पालथा ठेवलेला दिसला की स्वारी तडकलीच. "कड सगळ्यात नाजूक, आणि तिच्यावरच भार? तुला डोक्यावर उभं करून झोपवलं तर चालेल का?"

चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, वापराल तेवढा हात सुधारेल. पण बायकोच्या जिवाला धीर कुठला! शर्टाची बटणं तिने लावली, घास तिने भरवला, त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. हातात बळ येत होतं. तिला ते दिसायचं, पण खरं वाटायचं नाही.

रविवारी दुपारी त्याने घरातले सहा ग्लास टेबलावर मांडले.

"वरच्या फळीवर... मी ठेवणार," तो अडखळत म्हणाला. "सगळे नीट गेले तर उद्या कामावर. एक जरी... सुटला, तर राजीनामा."

"अहो, निदान खालच्या कप्प्यात तरी ठेवा."

"खालचं दार आपटतं."

पहिला ग्लास उजव्या हाताने, दांडीला धरून त्याने उचलला. फळी डोक्याच्या उंचीवर. हात थरथरत वर गेला आणि ग्लास उभा राहिला. शेजारी बोटभर जागा सोडून दुसरा, मग तिसरा. चौथा फळीच्या कडेला टिणकन लागला आणि ती दोन पावलं पुढे आली. पण काच शाबूत होती.

पाचवा मध्येच अधांतरी थांबला. हात डोलू लागला. तिला राहवलं नाही. धावत जाऊन तिने ग्लासाचं पोटच धरलं, ओढलं, आणि फरशीवर काचांचा सडा पडला.

"मीच ओढला हो! तुमच्या हातून सुटला नव्हता," ती रडू लागली. त्याचा उद्याचा दिवस तिनेच फोडला होता.

"पोट धरून ग्लास उचलतात का?" तो कडाडला. चार महिन्यांत प्रथमच एकही शब्द अडखळला नव्हता. "इकडून ये. सहावा तू ठेव."

"मी? नको हो, हात बघा माझे!"

"नवा माणूस ग्लास फोडतो, तेव्हा त्याच्या हातात मी लगेच दुसरा देतो. नाहीतर भीती हातात बसते. मग माणूस कामातून जातो."

तिने ग्लास उचलला. तिचा हात त्याच्यापेक्षा जास्त कापत होता. त्याची नजर ग्लासावरून हलली नाही, पण दोन्ही हात पाठीमागेच राहिले. ग्लास फळीवर टेकला.

"आणि राजीनामा?" तिने भीत भीत विचारलं.

"कसला राजीनामा? फोडलास तू!" तो खाली वाकला. "केराची सुपली आण. काचा मी भरतो."

नको, लागेल, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले, सुपली खाली ठेवली आणि केरसुणी त्याच्या उजव्या हातात दिली.