झोपून उठल्यावरचं रक्त

नांदे गावात आम्ही भाड्यानं राहतो. नवरा हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करतो, माझं ऑफिस दिवसाचं. तो सकाळी घरी येतो तेव्हा मी डबा भरत असते. रविवारी तो शेजारी असतो, पण नुसता असतो. मूल वगैरे पुढचं पुढे, मला आधी तो हवा होता. पण हे सांगणार कुणाला? आईनं ऐकलं असतं तर सत्यनारायण घातला असता.

शेवटी तोच एकदा मान खाली घालून म्हणाला, "माझ्यातच काही कमी असेल. हार्मोन तपासू या का?" मला त्याची फार माया आली. अॅपवर तपासण्यांचा बाजारच मांडलेला होता: टोटल टेस्टोस्टेरॉन, फ्री टेस्टोस्टेरॉन, शिवाय थायरॉइड, व्हिटॅमिन, सगळं कोंबलेलं पॅकेज. आम्ही अर्थातच सगळ्यांत महागडं पॅकेज घेतलं. रक्त सकाळी द्यायचं असं लिहिलं होतं, म्हणून शिफ्टवरून आल्या आल्या त्यानं ते दिलं.

आकडा कमी आला. त्याचा चेहरा उतरला. मी मात्र मनातून सुखावले. आता औषध मिळणार होतं.

रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त देण्याआधी किती झोपला होतात?"

"झोपलोच नव्हतो."

"मग हा आकडा धरायचाच नाही. हे हार्मोन झोपून उठल्यावर जास्त असतं, म्हणून सकाळ म्हणतात. आठवडाभर सुट्टी काढून रात्रीचं झोपा. मग उठल्यावर उपाशीपोटी फक्त टोटल टेस्टोस्टेरॉन करा. काठावर आलं तर फ्रीचं बघू. कमी आलं, तरच पुन्हा करायचं."

त्यानं सुट्टी टाकली. माझ्यासाठी कधी मिळाली नव्हती ती! संध्याकाळी आम्ही खाचरांच्या बांधावरून फिरायचो, नव्या इमारती सुरू होतात तिथपर्यंत. घरमालकीण काकूंनी हटकलंच, "आज जावईबापू उजेडात दिसत्यात! नोकरी हाय न्हवं, का सुटली?" तो मोकळेपणानं हसला. रात्री झोपेत त्याचा हात माझ्या अंगावर पडायचा. मला जाग यायची आणि मी मुद्दाम हलायची नाही.

रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. तो नाचायचाच काय तो बाकी होता. मी हसले, आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडले. कमी आला असता तर गोळ्या असत्या, परत तपासणी असती, परत सुट्टी असती. नॉर्मल माणसाला कोण सुट्टी देतं?

सोमवारी संध्याकाळी खाली कंपनीची कॅब हॉर्न देत होती. तो बूट घालत होता.

"नॉर्मल आलं तरी पुन्हा एकदा करायला सांगितलंय डॉक्टरांनी," मी म्हणाले.

दवाखान्यात तो माझ्या शेजारीच बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. लेस बांधता बांधता तो थांबला.

"मग सुट्टी टाकावी लागेल," असं म्हणाला, आणि जिना उतरून गेला.