हैबतीचा वाकडा तास

हैबतीचं बूड एका जागी टिकेल तर शपथ! सकाळपासून पठ्ठ्या दासगावच्या सपाटीवर येरझाऱ्या घालत होता. भात कापून झालं होतं, वाल पेरायचे होते, आणि सोसायटीने नवाकोरा ट्रॅक्टर आणला होता. तो चालवायला माणूस हवा होता. सोसायटीच्या साहेबाची अट एकच: या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगराचा तास सरळ काढून दाखवायचा.

हैबतीला ते काम हवंच होतं. मुंबईच्या गोदीत तो ट्रॅक्टरनेच माल ओढायचा, पण निजायला डझनभर गड्यांत एक खोली. तिथे बायकोला कुठे नेणार? लग्न होऊन वर्षं झाली, तरी राहीबाईची गाठ पडायची ती शिमग्याला नि गणपतीला. "आता नाय जायाचा गो परत," असं त्याने तिला सांगूनही टाकलं होतं. परसात तिच्यासाठी न्हाणी बांधायला काढली होती! घाई बघा माणसाची.

शेताच्या मधोमध राखणदाराचा दगड होता. तिथे आलं की बैल आपसूक उजवीकडे वळायचे आणि देवाला वळसा घालून पुढे जायचे. हैबती त्याच बैलांमागे वाढलेला. पण ट्रॅक्टरला असला वळसा कसा चालणार? गुरवाने कौल लावला, देवाने दिला. नारळ झाला, कोंबडा झाला, नि दगड बांधावर बसवला. हैबतीनेच तो खांद्यावरून वाहून नेला. रान मोकळं झालं.

सारा गाव बांधावर जमला. हैबतीने समोरच्या आंब्यावर नजर लावली आणि गिअर टाकला. काय तास निघाला म्हणता! सूत धरल्यासारखा. त्याचा बाप कोंडाजी तोंडातलं पान चघळायचं विसरला. हैबती मात्र मनात घोकत होता, एवढं पार पडू दे रे देवा, एवढंच.

आणि मधोमध येताच हात वळले. त्याने वळवले नाहीत हो, वळले! ट्रॅक्टर उजवीकडे गेला, रिकाम्या जमिनीला वळसा घालून पुन्हा रेषेवर आला. शेवटाला उतरून मागे पाहिलं, तेव्हा कुठे त्याला कळलं.

"तिथे काय होतं रे? का वळवलास?" साहेबाने विचारलं.

"काय नव्हता, सायेब. हातच गेला. आणखी एक डाव काढू द्या."

"ज्याचा हात त्याच्या ताब्यात नाही, त्याला मी मशीन देत नाही." घाटावरचा माणूस मागवतो म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

कोंडाजी मात्र धावत आला, डोळ्यांत पाणी. "इसरला नाय माझा पोर! मुंबईत ऱ्हावन पण देवाची जागा इसरला नाय!" बायाबापड्या त्या वळशाच्या पाया पडू लागल्या. कुणी कुंकूही वाहिलं. हैबतीला वाटलं, बापाला धरून गदागदा हलवावं, नाहीतर त्याच्या गळ्यात पडून रडावं. यातलं काहीच त्याला जमलं नाही. नुसता ढेकळं तुडवत फिरत राहिला.

राहीबाई तेवढी पाया पडली नाही. ती तडक घरी गेली. हैबती पोचला तेव्हा ती तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधत होती.

"येवड्या कशाला गो?"

"वाटेत भूक लागंल," ती म्हणाली, आणि वर न बघता गाठ मारली.