समाजमंदिरातली मिरची

आमच्या गावचं समाजमंदिर सगळ्यांचं आहे, महिन्यातून एकदा तिथं पोरांना लस देतात आणि सगळ्या गल्ल्यांच्या बाया तिथंच भेटतात. त्या दिवशी मी चार महिन्यांचं पोर घेऊन गेले, तर आत सुक्या मिरचीची पोती, पार छतापर्यंत. पोराला असा ठसका लागला की ते काळंनिळं पडलं, मी तशीच बाहेर पळाले. पोती सासऱ्यांच्या भाऊबंदातल्या एका आबांची. ते बाहेर ओट्यावरच बसलेले. त्यांच्यासमोर आम्ही सुना तोंड उघडत नाही. तरी मी पदर धरून विचारलं, "आबा, तुम्हना घरमा जागा नही का?"

"घरमा नातू शे, त्याले ठसका लागस."

मी हातातलं पोर पुढं केलं, "मंग हाऊ कोना नातू शे?"

"सून बोलाले लागनी," म्हणत ते हसले. माझ्या अंगाची आग झाली. समाजमंदिर काय यांच्या एकट्याचं आहे का? पोर बाहेरच नर्सबाईकडे दिलं, आत जाऊन एका पोत्याचा कान धरला आणि ओढायला लागले. ते हलेना. तेवढ्यात दुसरा कान कोणीतरी धरला. पाहिलं तर माझी सासू.

मग सगळ्याच बाया उठल्या. पोती आबांच्या दारात गेली, आणि मगच सुया सुरू झाल्या.