बुजवलेल्या बावडीवरचं लॉन

उपम्यासाठी रवा भाजत होते, इतक्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा माणूस एकच, तातेराव. आमच्या विद्यानगरच्या कॉलनीतल्या लॉनचे माळी. सत्तावीस वर्षं त्यांनीच ते राखलं. रिटायर झाले तरी रोज येतात.

"वैनी, सायब हायत का?"

साहेब म्हणजे आमचे हे, एकनाथराव, कॉलनीचे सेक्रेटरी. ते आत दाढी करत होते. तातेराव बसले, पण चहाला हात लावला नाही.

आज त्या लॉनवर लोक वाढदिवसाचे फोटो काढतात. आधी तिथं बावडी होती, पायऱ्यांची विहीर. पाणी कोमट. खरूज-नायटा झालेली माणसं लांबून येऊन आठवडाभर अंघोळी करायची म्हणे. लॉन करायचं ठरलं, तेव्हा ती बुजवणाऱ्यांत तातेराव होते. जिवंत झऱ्याची विहीर बुजवताना एक पाइप उभा ठेवतात, तोंड जमिनीच्या वर, तिला श्वास घेता यावा म्हणून. मुकादमाला घाई होती. मुरूम पडला, रोलर फिरला, पाइप राहूनच गेला.

तेव्हापासून मे महिन्यात सगळं लॉन पिवळं पडतं, मधला एक गोल मात्र हिरवागार. त्यावर तातेरावांनी कधी मशीन चालवलं नाही. विळ्यानं कापायचे, अनवाणी. कापता कापता थांबून जमिनीला कान लावायचे. एकदा मीही लावला. बराच वेळ काही नाही. मग खोलवर कुणी आवंढा गिळावा तसा आवाज. त्या गोलावर मी पुन्हा पाय ठेवलेला नाही.

"तिचा दम कोंडला तुमी," त्यांची बायको केसरबाई त्यांना म्हणायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. दम्यानं.

"आमच्यात भूतबित मानत नाहीत, वैनी. मी बी मानत नाही. पण डोळा लागत नाही बगा."

आतून हे ओरडले, "काय तातेराव, विहिरीला ऑक्सिजन लावायचा का आता?"

तातेराव हसले नाहीत. त्या गोलावर ओपन जिमचा चौथरा होणार होता. काँक्रीटची गाडी अकराला यायची होती. मी गॅस बंद केला आणि यांना बाहेर बोलावलं. हे अर्ध्या दाढीनिशी आले.

तातेराव उभे राहिले.

"हसा सायब, हौ, हसा. पण काँक्रीट वतायच्या आधी मला अर्धा तास द्या. तिथं एक पाइप उभा करू द्या. पाइप मी आणलाय."