आते हैं फिर!

आमच्या घरात 'जातो' म्हणायला बंदी आहे. वीज जाते, नळाचं पाणी जातं, आमच्या ह्यांच्या डोक्यावरचे केस तर केव्हाच गेले. पण माणसाने घराबाहेर पडताना 'येतो'च म्हणायचं, हा नियम मी लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले तेव्हापासून लावला आहे. (तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावलं. घरच्यांना सोडते की काय!)

हे मात्र या बाबतीत पक्के दगड. इतवाऱ्यातल्या दुकानाकडे जाताना चप्पल घालत म्हणतात, "निघालो."

"निघालो काय? 'येतो' म्हणा!"

"अगं, येणारच आहे ना संध्याकाळी. दुसरीकडे कोण जेवायला घालून राहिलं मला?"

अशा माणसाला घेऊन मला मुलाच्या सासुरवाडीची पायरी चढायची होती! आमच्या सौरभने नेपानगरची नेहा पसंत केली होती. दोघं इंदूरला एकाच ऑफिसात. मुलगी गोड, पण घर हिंदी. तिचे वडील नोकरीसाठी उत्तर प्रदेशातून येऊन इथेच राहिलेले. तिच्या आईला एकच धास्ती होती, की हे मराठी लोक आपल्या मुलीला परकी मानतील. ती धास्ती गेल्याशिवाय होकार मिळणार नव्हता. म्हणून निघायच्या आधी सौरभने माझ्यापुढे हातच जोडले.

"आई, प्लीज. तिथे कोणाला वळण लावू नको."

मी कशाला लावेन? उलट, अगत्य आणि नम्रता म्हणजे काय ते त्या घराने जन्मभर आठवावं, असं वागायचं मी ठरवलं होतं. (आठवतात. अजून आठवतात!)

रविवारी अकराला पोहोचलो. बुऱ्हाणपुराहून नेलेली मावा जिलेबी दिली, चहा झाला, समोसे झाले, गप्पा छान झाल्या. साडेबाराला उठलो, तशी नेहाची आई म्हणाली, "खाना खाकर जाइए ना, बहनजी."

आता पहिल्याच आग्रहाला ताटावर बसणं, हे काही आमच्यात बसत नाही. मी रीतीप्रमाणे पहिलं 'नको' म्हणाले. दुसऱ्या 'नको'साठी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "नहीं नहीं, गाडी में पेट्रोल भरवाना है!"

पेट्रोल! जेवण नाकारायला ह्या माणसाला पेट्रोल सापडलं! सारवासारव करायला मी दोन्ही हात जोडले, आवाजात असेल नसेल तेवढा गोडवा आणला आणि म्हणाले, "बस, आते हैं फिर!"

आता बुऱ्हाणपुरात भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना आमचं 'आते हैं' कळतं. 'येतो मग'चं हिंदी, दुसरं काय! ('चलते हैं' मला आवडत नाही. आपण काय चालायला आलो होतो?)

नेहाच्या आईचा चेहरा उजळला. "पक्का ना?"

"एकदम पक्का!" मी म्हणाले. किती अगत्याची बाई, असं गाडीत बसल्यावरही दोनदा बोलून दाखवलं.

घरी येऊन मुगाची खिचडी टाकली, जेवलो, हे बनियनवर आडवे झाले. पावणेतीनला फोन वाजला. नेहाची आई.

"बहनजी, कहाँ पहुँचे आप लोग?"

"घर पहुँच गए!"

"घर? दरवाज़े पर तो कोई नहीं है!"

"नहीं नहीं, दरवाज़ा तो खुला ही है," मी आमच्या दाराकडे बघत म्हणाले.

पलीकडे कोणीतरी धावत गेल्याचा आवाज आला. "बाहर भी नहीं दिख रहे! पूड़ियाँ ठंडी हो रही हैं, बहनजी. हममें से किसी ने नहीं खाया. पेट्रोल नहीं मिला क्या?"

म्हणजे पेट्रोल भरून आम्ही जेवायला परत येणार, असं त्या धरून बसल्या होत्या! खरं सांगून टाकायचं होतं. पण इतक्या प्रेमाने वाट बघणाऱ्या बाईला 'आम्ही खिचडी खाल्ली' हे कसं सांगणार! तोंडातून निघालं, "हाँ हाँ, बस, आते हैं!"

ह्यांनी एक डोळा उघडला. "हे कोणतं 'आते हैं'? जायचं वालं की यायचं वालं?"

"यायचं वालं! उठा, पँट घाला!"

"पोट भरलंय माझं! दोनदा खिचडी घेतली मी!"

तेवढ्यात सौरभ पांढराफटक चेहरा घेऊन आला. "आई, नेहाचा मेसेज आहे. तिची मम्मी रडून राहिली. म्हणते, माझ्या हातचं खायचं नव्हतं म्हणून पेट्रोलचा बहाना केला."

मग काय! चारला आम्ही पुन्हा नेपानगरात. पुऱ्या, दोन भाज्या, कढी, खीर. नेहाची आई प्रत्येक घासाला आमचे चेहरे वाचत होती आणि आम्ही प्रत्येक घासाला हसत होतो. सातव्या पुरीला ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या तीस वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. पण बाईंचा चेहरा खुलला. "अब तसल्ली हुई," त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

निघताना ते तिघेही दारात ओळीने उभे राहिले. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मागून सौरभ कुजबुजला, "आई, या वेळी स्पष्ट सांग. एकदम स्पष्ट!"

मी छाती भरून श्वास घेतला. "बहनजी, अब हम जाते हैं. सच में जाते हैं. अब वापस नहीं आएँगे!"

नेहाच्या आईने पदर डोळ्याला लावला. वडील चाचरत म्हणाले, "हमसे कोई गलती हो गई क्या?" सौरभने भिंतीला डोकं टेकवलं.

वाचवलं ते नेहाने. ती पोट धरधरून हसत खालीच बसली. "मम्मी, ये लोग जाते हैं तो 'आते हैं' बोलते हैं!"

वडिलांनी गंभीरपणे विचारलं, "तो जब आते हैं, तब क्या बोलते हैं?"

ते ऐकून नेहाची आई हसली, हसता हसता रडली, मला मिठी मारली आणि लग्न तिथेच, दारात, चपला घातलेल्या अवस्थेत ठरलं.

तेव्हापासून त्या घरून निघताना मी तोंडच उघडत नाही. हात जोडते, हसते, गाडीत जाऊन बसते. परवा विहीणबाई फोनवर ह्यांना म्हणाल्या, "समधन जी कितनी शालीन हैं, बहुत ही कम बोलती हैं." ह्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावून रेकॉर्ड करून घेतलंय, आणि आता रोज सकाळी चहाबरोबर ऐकतात!